गृहीत धरलेला अध्यापक : इंग्रजीच्या पदवीधर शिक्षकाचे प्रशिक्षण आणि वाचनाची संकल्पना

१

साहित्यसमीक्षेचा इतिहास लिहिताना ग्रंथ, नियतकालिके, वाङ्मयीन वाद आणि विद्यापीठीय अभ्यासक्रम यांचा विचार होतो. साहित्यकृतीची पहिली ओळख जेथे होते आणि तिच्याकडे पाहण्याची सवय जेथे लागते, त्या शाळेच्या वर्गाचा विचार सहसा होत नाही. त्या वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला कोणी, कोठे आणि कसे घडवले हा प्रश्न तर शिक्षणशास्त्राच्या हद्दीतला मानून समीक्षेने सोडूनच दिला आहे. परंतु ‘संहिता म्हणजे काय’, ‘अर्थ कोठे असतो’, ‘वाचक काय करतो’ या प्रश्नांची व्यावहारिक उत्तरे सिद्धान्तग्रंथांपूर्वी पाठटाचणाच्या वहीत दिली जातात. तेथे ती सिद्धान्त म्हणून येत नाहीत, पायऱ्या म्हणून येतात. म्हणूनच ती अधिक टिकाऊ ठरतात.

मुंबई इलाखा आणि नंतरचा महाराष्ट्र या प्रदेशात माध्यमिक शाळेतील इंग्रजीच्या पदवीधर शिक्षकाचे प्रशिक्षण कसे उभे राहिले, याचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ मध्ये ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ या ग्रंथात, इंग्रजी साहित्य हा अभ्यासविषय इंग्लंडमधील शिक्षणात स्थिर होण्यापूर्वी हिंदुस्थानात आकाराला आला, हे दाखवून दिले. त्यानंतर वसाहतकालीन अभ्यासक्रमाची चर्चा विपुल झाली. तथापि या चर्चेत अभ्यासक्रम ठरवणारा प्रशासक आणि तो ग्रहण करणारा विद्यार्थी या दोघांनाच स्थान मिळाले. या दोघांमध्ये उभा असलेला शिक्षक बहुधा गृहीतच धरला गेला. विशेष म्हणजे स्वतः वसाहतकालीन शिक्षणव्यवस्थेनेही त्याला तसेच गृहीत धरले होते. पदवी मिळाली की अध्यापनाची पात्रता आपोआप येते, हे ते गृहीतक होय. पुढच्या दीडशे वर्षांतील बहुतेक पेच या गृहीतकात आणि त्याच्यावर उशिरा चढवलेल्या प्रशिक्षणाच्या थरात आढळतात.

२

१८५४ च्या वुड यांच्या खलित्याने शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी इंग्लंडच्या धर्तीवर अध्यापनशाळा काढाव्यात, अशी शिफारस केली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. या दोन घटना एकाच धोरणाच्या दोन बाजू असल्या, तरी मुंबई इलाख्यात त्यांचे मार्ग लवकरच वेगळे झाले. मराठी शाळांच्या शिक्षकांसाठी पुण्यात ट्रेनिंग कॉलेज उभे राहिले. कृष्णशास्त्री चिपळूणकर हे त्याचे प्राचार्य होते, आणि ‘मराठी शालापत्रक’ या मासिकाद्वारे ते शिक्षकवर्गाशी संवाद ठेवीत होते. म्हणजे मराठी शिकवणाऱ्याला शिकवण्याची कला शिकावी लागते, हे तत्त्व मान्य झाले होते. इंग्रजी शाळांत शिकवणाऱ्या पदवीधराविषयी मात्र अशी व्यवस्था नव्हती. विद्यापीठाची परीक्षा उत्तीर्ण होणे हेच त्याचे प्रशिक्षण होते.

या भेदामागे भाषांच्या प्रतिष्ठेची उतरंड होती, हे उघड आहे. परंतु तिच्या जोडीला ज्ञानाविषयीची एक कल्पनाही होती. मराठी शाळेचे ज्ञान हे प्राथमिक आणि म्हणून पद्धतीच्या आधारे देण्याचे. इंग्रजीतले ज्ञान हे उच्च आणि म्हणून ज्याच्यापाशी ते आहे त्याच्या सहवासातून झिरपणारे, अशी ही कल्पना होती. इंग्रजीला ‘वाघिणीचे दूध’ म्हणणारे रूपक विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावाशी जोडले गेले आहे. त्या रूपकाची चर्चा राष्ट्रवादाच्या अंगाने पुष्कळ झाली आहे. त्यात शिक्षकाला जागाच नाही, ही गोष्ट मात्र दुर्लक्षित राहिली. दूध प्यायचे असते, ते शिकवायचे नसते. ते पचते किंवा पचत नाही. आणि पचले नाही तर दोष पिणाऱ्याच्या प्रकृतीचा.

विष्णुशास्त्री स्वतः पुणे आणि रत्नागिरी येथील सरकारी शाळांत शिक्षक होते. सरकारी नोकरी सोडून १८८० च्या आरंभी त्यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. टिळक, आगरकर आणि वामन शिवराम आपटे यांच्यासारखे विद्वान त्या शाळेशी निगडित झाले. शिक्षणाच्या पदविकेवाचून केवळ विद्वत्ता आणि ध्येयनिष्ठा यांच्या बळावर शाळा किती उंची गाठू शकते, याचे हे उदाहरण म्हणून सांगितले जाते आणि ते रास्तही आहे. या पिढीने स्वतःला इंग्रजी कसे शिकवले, हे मात्र अधिक बारकाईने पाहावे लागते. १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे मराठी रूपांतर हाती घेतले, आणि १८८३ मध्ये ते ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले. दोन भाषांमधील अंतर सतत मोजत राहणे, एका भाषेतल्या वाक्याला दुसऱ्या भाषेत जबाबदार धरणे, ही या पिढीची वाचनपद्धती होती. घरी पोथी आणि शाळेत हॉवर्डची वाचनपुस्तके, घरी टीकेसह श्लोक लावण्याचा परिपाठ आणि वर्गात मिल्टनच्या ओळींचे विवरण, अशा संगमातून तिचे शिक्षण झाले होते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने याच व्यवहाराचे सुलभ रूप पुढील अनेक पिढ्यांना पुरवले.

अर्थात हा संगम सर्वांना उपलब्ध नव्हता. तो पाठांतर, व्याकरण आणि टीका यांची परंपरा ज्या घरांत होती त्या घरांपुरता मर्यादित होता. १८८२ मध्येच जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात, सरकारचा पैसा उच्च शिक्षणाकडे वळतो आणि बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे दुर्लक्ष होते, असा आक्षेप घेतला. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांना पुरेसे वेतन मिळावे, असा त्यांचा आग्रह होता. शिक्षकाचे प्रशिक्षण हा त्यांच्या दृष्टीने तंत्राचा प्रश्न नव्हता. ज्याच्या घरी अक्षर पोचलेले नाही त्याला ते पोचवण्याची ती किमान अट होती. शिक्षक आणि विद्यार्थी यांची सांस्कृतिक पूर्वपीठिका एकच असेल तर प्रशिक्षणाशिवाय भागते. ती भिन्न असेल तेव्हा पद्धतीची गरज प्रथम जाणवते. इंग्रजी माध्यमिक शाळांना ही जाणीव व्हायला पुढे कित्येक दशके लागली, याचे कारण त्यांच्या विद्यार्थिवर्गाच्या रचनेत होते.

हंटर आयोगाने माध्यमिक शिक्षकांसाठी अध्यापनाची तत्त्वे आणि प्रत्यक्ष पाठ यांची परीक्षा सुचवली, आणि पदवीधरांसाठी इतरांपेक्षा अल्प मुदतीचा अभ्यासक्रम असावा असे म्हटले. पदवीमुळे प्रशिक्षणाचा काळ कमी होतो, हे सूत्र तेव्हा रूढ झाले. विषयज्ञान जितके अधिक तितकी पद्धतीची गरज कमी, हा त्याचा गर्भितार्थ होता. माध्यमिक शिक्षकांसाठीच्या संस्था त्या वेळी देशभरात मद्रास आणि लाहोर येथील दोनच होत्या. १९०२ पर्यंत त्यांची संख्या सहावर गेली. मुंबई इलाख्यातील एकही संस्था त्यांत नव्हती.

३

कर्झन यांच्या कारकिर्दीतील १९०४ च्या शैक्षणिक ठरावाने हे चित्र बदलले. पदवीधरांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम, त्यात सिद्धान्त आणि प्रत्यक्ष अध्यापन यांची सांगड, प्रशिक्षण महाविद्यालयाला जोडलेली सरावशाळा, ही त्यातील प्रमुख तत्त्वे होती. १९०६ मध्ये मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज स्थापन झाले. पुढे बी. टी. आणि त्यानंतर बी. एड. या नावांनी ओळखल्या गेलेल्या पदवीचा सांगाडा तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे मूलतः तोच राहिला : आधी एका संस्थेत तीन-चार वर्षे विषय शिकायचा, नंतर दुसऱ्या संस्थेत एक वर्ष तो शिकवायला शिकायचे.

या सांगाड्यात इंग्रजीचे स्थान चमत्कारिक होते. वरच्या इयत्तांत इतिहास, भूगोल आणि गणित हे विषयही इंग्रजीतूनच शिकवले जात. म्हणजे प्रत्येक शिक्षक इंग्रजीचाही शिक्षक होता. आणि म्हणूनच इंग्रजीचा शिक्षक असा वेगळा, स्वतंत्र ज्ञानाचा अधिकारी क्वचितच कल्पिला गेला. याच सुमारास इंग्लंडमध्ये नेमका उलटा प्रवास चालू होता. १९२१ च्या न्यूबोल्ट समितीच्या अहवालाने इंग्रजीला राष्ट्रीय शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. त्या समितीचा सदस्य असलेल्या जॉर्ज सॅम्पसन याने त्याच वर्षी ‘इंग्लिश फॉर द इंग्लिश’ या पुस्तकात, शिकवणे इंग्रजीतून होते म्हणून प्रत्येक शिक्षक हा इंग्रजीचाच शिक्षक ठरतो, असे प्रतिपादन केले. तेथे हे वचन सुधारणेची हाक म्हणून आले. मुंबई इलाख्यात ती वस्तुस्थिती होती आणि सुधारणा हवी होती ती तिच्यातच. मातृभाषेच्या संदर्भात उदार वाटणारे एखादे तत्त्व परभाषेच्या संदर्भात बोजा कसे ठरते, याचा हा नमुना आहे.

प्रशिक्षण महाविद्यालयांनी या परिस्थितीत दोन गोष्टी आणल्या. पहिली म्हणजे हर्बार्टच्या अनुयायांनी सिद्ध केलेली पाठाची पायऱ्यांची रचना. पूर्वतयारी, प्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन या पायऱ्या मुळात संकल्पना शिकवण्यासाठी योजलेल्या होत्या. विशिष्ट उदाहरणांकडून सामान्य नियमाकडे जाणारा हा मार्ग व्याकरणाला किंवा विज्ञानाला सोयीचा आहे. कवितेला तो लावला की कवितेचा शेवट सामान्यीकरणात, म्हणजे तात्पर्यात, होणे अपरिहार्य ठरते. प्रशिक्षणार्थ्याच्या टाचणात हेतुकथन आधी येते : कवितेने काय सांगायचे हे ती वाचण्यापूर्वीच ठरलेले असते. वाचनातील अनिश्चितता, अर्थ लावताना होणारी चूकभूल, दोन वाचनांतील विरोध यांना या रचनेत जागा नव्हती, कारण तासाच्या शेवटी संकलनाचे प्रश्न विचारून निश्चित उत्तरे मिळवायची होती.

दुसरी गोष्ट म्हणजे थेट पद्धती. परभाषा तिच्याच माध्यमातून, मातृभाषेचा आधार न घेता शिकवावी, या युरोपातील सुधारणावादी मताचा प्रसार हिंदुस्थानातही झाला. पुढे ‘बो जेस्ट’ या कादंबरीमुळे प्रसिद्धी पावलेला पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन हा मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होता. पहिल्या महायुद्धापूर्वी त्याने हिंदी शाळांतील इंग्रजीच्या थेट अध्यापनावर शिक्षकांसाठी एक पुस्तक लिहिले. परंतु त्याचे नाव मागे राहिले ते एच. मार्टिन यांच्यासह केलेल्या, १९३० च्या दशकातील शालेय इंग्रजी व्याकरणामुळे. त्याच लेखकाचे थेट पद्धतीचे पुस्तक विस्मृतीत गेले आणि व्याकरणाचे पुस्तक घराघरांत पोचले, यात केवळ योगायोग नाही. प्रशिक्षण महाविद्यालयात जी पद्धती अधिकृत होती ती निरीक्षकासमोरच्या पाठात दिसे. परीक्षेसाठी जी उपयोगी होती ती व्याकरण-भाषांतराची पद्धती वर्गात दररोज चाले. शिक्षकाच्या मनात अधिकृत आणि प्रत्यक्ष अशी ही फाळणी तेव्हापासून कायम राहिली.

थेट पद्धतीने आणखी एक गोष्ट केली. तिने भाषांतर संशयास्पद ठरवले. आगरकरांच्या पिढीने ज्या व्यापारातून इंग्रजी आणि मराठी या दोहोंचे भान मिळवले, तो व्यापार आता शिक्षकाच्या दुबळेपणाचे लक्षण ठरला. वर्गात मराठी वाक्य उच्चारणे हा प्रशिक्षणार्थ्याचा दोष गणला जाऊ लागला. परिणामी दोन भाषांच्या तुलनेतून जे भाषाविषयक चिंतन वर्गात होऊ शकले असते ते प्रशिक्षणाच्या कक्षेबाहेर गेले. याच्या विरोधी सूर निघाला तो ढाक्याहून. तेथील अध्यापक प्रशिक्षण महाविद्यालयाचा प्राचार्य मायकेल वेस्ट याने १९२६ मध्ये बंगालच्या द्विभाषिकतेवरील आपल्या अभ्यासात, तेथील विद्यार्थ्याला बोलण्याहून वाचनाची गरज अधिक आहे असे मांडले, आणि त्यासाठी शब्दसंख्या नियंत्रित केलेल्या वाचनमाला तयार केल्या. विद्यार्थ्याची स्वतःची भाषिक परिस्थिती हा प्रशिक्षणाचा आरंभबिंदू असावा, ही त्याच्या विवेचनातील महत्त्वाची सूचना होती. शब्दसंख्येचे नियंत्रण तेवढे पुढे सर्वत्र स्वीकारले गेले; मूळ सूचना मागे पडली.

४

या प्रशिक्षणाचा मराठी साहित्यव्यवहाराशी संबंध कसा आला, हे दोन परस्परविरोधी उदाहरणांवरून स्पष्ट होते. प्र. के. अत्रे हे पुण्याच्या कॅम्पातील शाळेत शिक्षक होते. त्यांनी मुंबईला बी. टी. केले आणि १९२८ मध्ये लंडन विद्यापीठाची टी. डी. ही पदविका घेतली. परतल्यानंतर त्यांनी मराठी क्रमिक पुस्तकांचे स्वरूप बदलण्याचे काम हाती घेतले. ‘नवयुग वाचनमाला’ हे त्याचे फळ होय. बालकाचे मानसशास्त्र, त्याची भाषा, त्याचा आनंद या कल्पना इंग्रजी अध्यापनशास्त्रातून आल्या आणि मराठीच्या वाचनपुस्तकात रुजल्या. इंग्रजीच्या शिक्षकासाठी मिळवलेले प्रशिक्षण अशा रीतीने मातृभाषेच्या कामी आले.

दुसरे उदाहरण वि. स. खांडेकरांचे. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट राहिलेले खांडेकर १९२० मध्ये शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून गेले आणि १९३८ पर्यंत तेथे राहिले. पदवी नाही, पदविका नाही. तरीही त्यांच्या ललित लेखनातील विवेचक, उपमांनी अर्थ उकलत नेणारी, वाचकाला हाताशी धरून चालणारी वाक्यरचना वर्गातल्या अध्यापनापासून वेगळी काढता येत नाही. अत्रे आणि खांडेकर यांच्यामध्ये प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित असा भेद आहे. परंतु साहित्य हे समजावून देता येते आणि द्यावे, ही दोघांची श्रद्धा समान आहे. दोन महायुद्धांमधील मराठी साहित्याचा मोठा भाग शाळाशिक्षकांच्या हातून लिहिला गेला, हे लक्षात घेतले की त्या काळातील वाङ्मयीन अभिरुचीत सुबोधता आणि तात्पर्य यांना एवढे महत्त्व का होते, याचे एक कारण हाती लागते.

‘रसग्रहण’ या संकल्पनेचा प्रवासही येथे तपासावा लागतो. शब्द संस्कृत काव्यशास्त्राच्या परिसरातला. परंतु शालेय व्यवहारात त्याखाली जी कृती होते तिचे नाते इंग्रजी अध्यापनातील ‘अॅप्रिसिएशन’च्या पाठाशी आहे. इंग्रजी आणि मातृभाषा या दोन्हींच्या अध्यापनपद्धती एकाच महाविद्यालयात, एकाच टाचणाच्या नमुन्यात शिकवल्या जात. त्यामुळे ही देवाणघेवाण सहज झाली. २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या ‘कुमारभारती’ पाठ्यपुस्तकांच्या काळात तर दोन्ही भाषांतील कवितेच्या प्रश्नांचे आराखडे एकमेकांची प्रतिबिंबे वाटावीत इतके जवळ आले. कवी, विषय, मध्यवर्ती कल्पना, आवडलेली ओळ, आवडण्याचे कारण अशा मुद्द्यांच्या चौकटी भरल्या की कविता संपते. आवडीचे कारणसुद्धा पाठ करता येते, ही या पद्धतीची परिणती आहे. रससिद्धान्तातील सहृदय आणि इंग्रजी रोमँटिक परंपरेतील संवेदनशील वाचक या दोघांनाही या चौकटीत प्रवेश नाही. तेथे आहे तो परीक्षार्थी.

५

स्वातंत्र्यानंतर या व्यवस्थेचा पाया हलला. बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्यातील मराठी शाळांत इंग्रजी आठवीपासून सुरू करण्याचे धोरण आले. शिक्षणाचे माध्यम मराठी झाले आणि इंग्रजी हा अनेक विषयांपैकी एक विषय उरला. येथे एक विरोधाभास नोंदवावा लागतो. इंग्रजी सर्वव्यापी होते तेव्हा तिच्या अध्यापनाचे स्वतंत्र शास्त्र नव्हते. तिचे क्षेत्र आकुंचित झाले तेव्हा ते निर्माण झाले. आठवड्याच्या काही तासांत, आठवीतल्या मुलाला, ज्याच्या भोवती इंग्रजीचा कोणताही संस्कार नाही अशा गावात, इंग्रजी शिकवायची असेल, तर शिक्षकाला गृहीत धरून भागणार नव्हते.

१९५८ मध्ये हैदराबादला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश स्थापन झाली. वि. कृ. गोकाक हे कन्नडमधील श्रेष्ठ कवी आणि इंग्रजीचे प्राध्यापक तिचे संचालक होते. बंगळूर, वल्लभ विद्यानगर, अलाहाबाद येथेही इंग्रजी अध्यापनाच्या संस्था उभ्या राहिल्या. ध्वनिविचार, वाक्यरचनांची श्रेणीबद्ध मांडणी, नियंत्रित शब्दसंग्रह आणि मौखिक सराव ही नव्या प्रशिक्षणाची अंगे होती. गुरे व फ्रेंच यांची आणि बडोद्याच्या मेनन व पटेल यांची अध्यापनपद्धतीवरील पुस्तके बी. एड.च्या ग्रंथालयांत स्थिरावली. इंग्रजी ही परभाषा आहे, ती साहित्याहून स्वतंत्रपणे शिकता येते, हे या ग्रंथांचे समान सूत्र होते.

या सूत्राने फार मोठे काम केले, हे नाकारता येत नाही. ग्रामीण महाराष्ट्रात रयत शिक्षण संस्थेसारख्या संस्थांनी माध्यमिक शाळा पोचवल्या. पहिल्यांदाच अक्षरओळख झालेल्या घरांतील मुले इंग्रजीच्या वर्गात बसली. त्यांच्यासाठी मिल्टनच्या विवरणापेक्षा वाक्यरचनांचा टप्प्याटप्प्याने केलेला सराव अधिक न्याय्य होता. फुल्यांनी प्राथमिक शिक्षकाविषयी मांडलेली अट माध्यमिक इंग्रजीला लागू होण्याची ती वेळ होती. परंतु या न्यायाची किंमत विचारात घेतली गेली नाही. विद्यापीठातील इंग्रजीची पदवी पूर्ववत शेक्सपिअर, वर्डस्वर्थ आणि हार्डी यांच्याभोवती फिरत राहिली. प्रशिक्षण महाविद्यालयातील इंग्रजीची पद्धती रचना आणि सराव यांच्याभोवती फिरू लागली. पदवीधराने तीन वर्षांत जे मिळवले ते नंतरच्या एका वर्षात निरुपयोगी ठरत होते. आणि त्या एका वर्षात जे मिळाले त्याचा पदवीशी कोणताही संबंध नव्हता. त्यातही अनेकांनी पदवीला इंग्रजी हा विशेष विषय घेतलेलाच नसे. दोन अध्यापनपद्धती निवडणे आवश्यक, म्हणून इंग्रजी दुसरी, असा तो व्यवहार होता.

१९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाने प्रशिक्षण महाविद्यालये विद्यापीठीय जीवनापासून, शाळांपासून आणि परस्परांपासूनही तुटलेली आहेत, असे निदान केले. १९६३ मध्ये अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथे निघालेल्या प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयांनी विषय आणि अध्यापन यांचा चार वर्षांचा एकात्म अभ्यासक्रम करून पाहिला. महाराष्ट्रातील विद्यापीठांनी ‘आशययुक्त अध्यापन’ या नावाने विषय आणि पद्धती यांची सांगड बी. एड.च्या अभ्यासक्रमातच घालण्याचा प्रयत्न केला. हे दोन्ही प्रयत्न निदानाला धरून होते. परंतु आशय म्हणजे पाठ्यपुस्तकातील घटकांचे पृथक्करण, असा अर्थ रूढ झाला की साहित्याच्या बाबतीत मूळ प्रश्न सुटत नाही. कवितेचा आशय तिच्या घटकांच्या यादीत सापडत नाही, तो वाचनाच्या क्रियेत घडतो. आणि ती क्रिया ना पदवीच्या अभ्यासक्रमात शिकवली गेली, ना पद्धतीच्या.

या दृष्टीने न. स. प्रभू यांच्या नेतृत्वाखाली १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि मद्रास परिसरातील शाळांत झालेला प्रयोग लक्षणीय ठरतो. भाषेची रचना शिकवण्याऐवजी विद्यार्थ्यापुढे सोडवण्यासारखा प्रश्न ठेवायचा. लक्ष अर्थावर केंद्रित झाले की रचना नकळत आत्मसात होते, असे त्यामागचे तत्त्व होते. १९८७ च्या ‘सेकंड लँग्वेज पेडॅगॉजी’ या ग्रंथात प्रभूंनी त्याची मीमांसा केली. त्यांनी पुढे शिक्षकाच्या ‘प्रतीती’ची जी कल्पना मांडली ती प्रशिक्षणाच्या इतिहासात विशेष महत्त्वाची आहे. कोणतीही पद्धती सर्वोत्तम नसते. आपण शिकवतो त्यातून शिकणे कसे घडते, याविषयी शिक्षकाला स्वतःची जिवंत समज असणे निर्णायक असते, असे ते म्हणतात. वाचक-प्रतिसादाच्या सिद्धान्ताने साहित्यचर्चेत वाचकाला जे स्थान दिले, तेच येथे शिक्षकाला मिळताना दिसते. तो पद्धतीचा वाहक राहत नाही, तिचा भाष्यकार होतो. दुर्दैवाने समीक्षेने या ग्रंथाकडे भाषाशिक्षणाचा म्हणून, आणि बहुसंख्य प्रशिक्षण महाविद्यालयांनी त्याकडे परीक्षेतील एका टीपेपुरते पाहिले.

६

२००० मध्ये महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. माध्यमिक शाळेत येणारा विद्यार्थी त्यानंतर इंग्रजीशी अपरिचित राहिला नाही. परिचय मात्र अत्यंत विषम झाला. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी. एड. दोन वर्षांचे केले, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या एकात्म अभ्यासक्रमाकडे जाण्याची दिशा ठरवली. म्हणजे १९६३ चा प्रयोग धोरण म्हणून परत आला. कालावधी वाढला, रचना बदलली. परंतु इंग्रजीच्या भावी शिक्षकाला एखादी कविता स्वतः कशी वाचता येते, आणि ज्याची भाषा, घर आणि संदर्भविश्व वेगळे आहे अशा विद्यार्थ्याला ती कशी वाचता येईल, या दोन प्रश्नांना एकत्र आणणारी जागा केवळ कालावधी वाढल्याने निर्माण होत नाही.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष शिक्षणशास्त्रापुरता मर्यादित नाही. विद्यापीठातील साहित्यविभागांनी अध्यापनाचा प्रश्न खालच्या दर्जाचा मानून दुसऱ्या इमारतीत पाठवला, तेव्हा त्यांनी वाचनाचा प्रश्नही नकळत त्याच्यासोबत पाठवला. तेथे तो पायऱ्या, चौकटी आणि उद्दिष्टे यांत विरघळला. उलट सिद्धान्ताने वाचक, संहिता, अर्थनिर्मिती यांची चर्चा जितकी सूक्ष्म केली तितका तिचा वाचक अमूर्त होत गेला. आठव्या इयत्तेत पहिल्यांदा इंग्रजी कविता वाचणारी मुलगी त्यात कोठेच नव्हती. विखंडनाचा सिद्धान्त शिकलेला एम. ए. शाळेत गेला की ‘मध्यवर्ती कल्पना’ लिहून देतो, याला ढोंग म्हणता येणार नाही. त्याला दोन वेगळ्या संस्थांनी वाचनाच्या दोन वेगळ्या व्याख्या दिल्या, आणि त्यांचा एकमेकींशी सामना कधी होऊ दिला नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पिढीपाशी हा सामना होता. इंग्रजी वाक्याला मराठीत उत्तर द्यावे लागत होते, म्हणून तिला प्रत्येक वाक्यापाशी थांबावे लागले. ती सोय एका लहान वर्गापुरती होती आणि तिच्यामागे जातिबद्ध सांस्कृतिक भांडवल उभे होते, हे मान्य करूनही तिच्यातील द्विभाषिक वाचनाचे तत्त्व टाकून देण्याचे कारण नव्हते. थेट पद्धतीने ते तत्त्व दोष ठरवले, रचनापद्धतीने अनावश्यक ठरवले. आणि साहित्यविभागांनी ते तुलनात्मक साहित्याच्या पदव्युत्तर प्रश्नपत्रिकेत सुरक्षित ठेवून दिले. ते शाळेच्या वर्गात, सर्व थरांतील विद्यार्थ्यांसाठी परत आणणे हे काम एकट्या शिक्षणशास्त्राला झेपणारे नाही. त्यासाठी समीक्षेला आपला वाचक कोठे घडतो हे पाहावे लागेल. आणि ज्याच्या हातून तो घडतो त्या शिक्षकाला गृहीत धरण्याची सवय सोडावी लागेल.